बेहड्याखाली एक सकाळ

सकाळी साडेसहाला आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका देवराईत, बेहड्याच्या बुंध्यापासून जरा लांब करवंदीच्या जाळीआड बसलो होतो. मार्च संपत आलेला. बेहड्याला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. सोबतच्या काकांनी बोट दाखवलं तिथे, खूप उंचावर, खोडात एक उभी चीर दिसत होती. आत गरुड धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी. ढोलीचं तोंड तिनं आतून विष्ठेनं लिंपून घेतलेलं. पिल्लू बरंच मोठं होईपर्यंत तिचं खाणंपिणं नराच्या चोचीवर.

आधी आवाज आला. पंखांचा घुस्स घुस्स, घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनासारखा. नर फांदीवर टेकला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून चिरेतून आत देत राहिला. मी सतरा मोजले. तो गेल्यावर झाडाखाली पाहिलं, तर पडलेल्या बियांतून बोटभर रोपांची दाटी. रान लावणारा खरा माळी हाच.

धनेशाला एवढी मोठी ढोली जुन्या, जाडजूड झाडातच मिळते. आणि बेहड्याला कोणी वाली नाही. नळ-दमयंतीच्या गोष्टीत कली याच झाडात शिरला, म्हणून घराजवळ तो नको. लाकूड हलकं, म्हणून खोक्यांसाठी स्वस्तात जातो. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी. सातबारावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत. ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात येतो तेव्हा गरजू माणसानं नाही म्हणायचं कशाच्या जोरावर?

पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था १९९४पासून याच प्रश्नाशी झुंजते आहे. जमीनमालकांशी जंगल न तोडण्याचे करार करायचे, मोबदला द्यायचा, देवरायांची राखण गावासोबत करायची. पुढे बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र, म्हणजे रानातला माल रान राखून गोळा केल्याची पावती, मिळालं. घाटावर भीमाशंकरकडे महादेव कोळी कुटुंबं हिरडा-बेहडा गोळा करतात, तो माल इंग्लंडच्या पक्का हर्ब्ज या हर्बल चहाच्या कंपनीपर्यंत पोचला. नियम साधे: फांदी तोडायची नाही, सगळी फळं उचलायची नाहीत, रानातल्या जिवांचा वाटा ठेवायचा.

“झाड उभा र्‍हायला तं दरसाल देतो,” काका म्हणाले. “तोडला की एकदाच.”

त्यांच्या परसात पिशव्यांत रोपं होती: किंजळ, बकुळ, सातवीण, सुरंगी, बेहडा. पावसाची पहिली ओल मुरली की देवराईच्या उघड्या पडलेल्या कडेला लावायची. दोन उन्हाळे जगवलं की पुढे रान सांभाळतं, असा त्यांचा अनुभव. मला मात्र वाटतं, नवी रोपं लावण्याआधी उभं झाड वाचवणं महत्त्वाचं. तेवढी ढोली तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

माझ्या आजोळच्या सामाईक जागेत दोन जुने बेहडे आहेत. मे महिन्यात सगळे मामा, मावश्या गावी जमतील. काकांच्या संस्थेबरोबरच्या कराराची एक प्रत मागून घेतली आहे.