आडनावाशिवाय आभार

बडोद्यातल्या आमच्या शाळेचं माजी विद्यार्थी-शिक्षक संमेलन उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारी असतं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, अहवाल. अध्यक्षांच्या भाषणात सयाजीराव महाराज येतात, अमरेलीचा प्रयोग आणि १९०६चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा येतो, आणि अरविंदबाबूंनी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं, हेही येतंच. तोवर मागच्या रांगा लिल्या, म्हणजे ओलसर चिवड्याच्या वासानं चुळबुळायला लागलेल्या असतात.

‘आता आभार’ म्हटलं की जगभर लोक चपला शोधू लागतात. आमच्याकडे उठलेलेही परत बसायचे, कारण आभार मानायचे ते आमचे इंग्रजीचे सर.

मुलांनी त्यांना ‘तेरा महिनेवाले सर’ असं नाव ठेवलं होतं. तरुणपणी ते इथिओपियात शिकवायला गेले होते. सम्राट हैले सेलासींच्या काळात तिकडच्या शाळांत कितीतरी भारतीय शिक्षक होते. माध्यमिकपासून सगळे विषय इंग्रजीतून. सर म्हणायचे, “बाई, माझ्या तासाला कच्चा राहिलेला पोरगा गणितातही आपटायचा. म्हणून रजा घ्यायला भीती वाटायची.” १९७४मध्ये सम्राटांना पदच्युत केलं गेलं, त्यानंतर काही महिन्यांनी सर बडोद्याला परतले आणि आमच्या शाळेत लागले. रजेची भीती मात्र सोबत घेऊन आले. मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काढली. त्यांच्या वर्गावर बदली तासाला गेल्याचं मला आठवत नाही.

तिकडची वर्षं ते चघळत बसायचे नाहीत, पण मधूनच एखादी चीज काढायचे. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं, शेवटचा महिना पाच-सहा दिवसांचा. तिथल्या अक्षराला स्वरांची सात रूपं, म्हणून आपली बाराखडी तर त्यांची सातखडी. घड्याळ सूर्योदयापासून मोजायचं, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. चारचा कार्यक्रम साडेचारपर्यंत सुरू झाला नाही आणि मी घायकुतीला आले, की सर शांतपणे म्हणायचे, “तिकडे आत्ताशी साडेदहा झालेत.”

पण मला सांगायचंय ते नावांचं. तिथे आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं, झालं. लग्नानंतरही बाईचं नाव तेच राहतं. पाच वर्षं अशी हजेरी घेऊन सरांच्या जिभेला तेच वळण पडलं असावं. आभार मानताना ते कुणाचंही आडनाव घेत नसत. विश्वस्त असोत की मंडपवाला, नाव आणि वडिलांचं नाव. पहिल्या वर्षी विश्वस्तांच्या कपाळावर आठी पडली होती, हे मी पाहिलंय.

त्याच वर्षी सरांनी पाणी भरणाऱ्या मावशींचं नाव घेतलं. मस्टरवर त्या नवऱ्याच्या नावानं होत्या. सरांनी दुपारीच त्यांना वडिलांचं नाव विचारून खिशातल्या डायरीत टिपून ठेवलं होतं. माइकवरून ते नाव आलं आणि मावशी हातातली कळशी तशीच धरून उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, “बाई, माहेर सुटल्यापासून माझ्या बापाचं नाव असं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं हो.” पुढे दरवर्षी आभार ऐकताना माझा घसा दाटायचा, तो त्या कळशीमुळे.

सरांच्या आभारात ‘इतर सर्व’ हे शब्द कधी आले नाहीत. सगळं आटोपल्यावर खुर्च्या मोजायलाही तेच थांबायचे. मी निघू लागले की म्हणायचे, तिकडे कॉफीच्या तीन फेऱ्या होतात, पहिल्या कपावर उठणं वाईट दिसतं. म्हणजे अजून थांबा.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. यंदाचं संमेलन त्यांच्या स्मरणार्थ होतं आणि आले किती, तर पाऊणशे! टोरंटोहून एकजण आला. गोत्री आणि वासणा रोडवाल्यांना मात्र दांडिया बाजार लांब पडला. पतंग उरले होते म्हणे. असो, नावं घेत नाही.

आभार माझ्याकडे आले. कागद थरथरत होता, आणि मी चक्क ‘इतर सर्व’ म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून झोप नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. रावपुऱ्यातल्या छापखान्यानं निमंत्रणातली माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक न विचारता सुधारली. माइकवाल्यानं स्वतःची वायर आणली. रांगोळी आठवीतल्या दोघींची, आणि तिसरीची, जी फक्त रंग धरून बसली होती. पेटी दुरुस्त करून देणारे काका. चिवडा उचलून आणणारा रिक्षावाला. सरांचा फोटो फ्रेम करून आणणारी त्यांची पुतणी, जिनं पैसे घेतले नाहीत.

आणि वॉचमनचा मुलगा. सगळे गेल्यावर त्यानं खुर्च्या मोजल्या, दोनशे अडतीस भरल्या. मग तो गच्चीवर जाऊन पतंगवाल्या पोरांनी नेलेल्या दोन खाली घेऊन आला. त्याचं नाव मला ठाऊक होतं. त्याच्या वडिलांना मात्र आम्ही इतकी वर्षं नुसतं ‘वॉचमनभाई’च म्हणत आलो. सोमवारी सकाळी शाळेत जाऊन त्यांचं नाव विचारून आले.