लीद मोजणारी बी.कॉम.

आजी लोकांना माझ्याबद्दल अर्धंच सांगते. "बी.कॉम. झालीय, पुढचं शिकतेय." पुढचं म्हणजे काय, हे कुणी विचारायच्या आत ती चहा टाकायला उठते. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला एका फार्मवर मी घोड्यांचं व्यवस्थापन शिकतेय आणि सकाळी साडेपाचला माझ्या हातात फावडं असतं, हे तिला चारचौघांत सांगवत नाही. "लीद उचलायला बी.कॉम. केलंस का गं?" एकदा मी म्हटलं, "आजी, खंडोबाच्या घोड्याची लीदही कुणीतरी काढतच असेल ना." दोन दिवस अबोला.

बाबांचं उलट. 2023 च्या हांगझू आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तीत चाली करून घ्यायच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनी आलेलं, ते कात्रण त्यांनी फ्रिजवर लावलंय. त्यांना वाटतं मी त्याच रस्त्याला आहे. खरं म्हणजे दिवसातली चाळीस मिनिटं मी खोगिरावर असते, तीही नशीब असेल तर. बाकीचा वेळ खरारा, खूर साफ करणं, चारा, पाणी, पुन्हा लीद.

फार्मवर नऊ घोडी-घोडे आणि एक चाचा. चाचा येवल्याकडचे, तीन पिढ्या घोड्यांतल्या. पहिल्या आठवड्यात मी डब्याने चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, घालत होते तर त्यांनी काही न बोलता दोन डबे भरून काट्याला लावले, एक ओटचा, एक मक्याचा. मक्याचा चांगलाच जड. डबा तोच, खाणं वेगळं. तेव्हापासून सगळं वजनावर. आणि घोड्याचं वजन? नऊशे रुपयांचं पुस्तक घेतलं त्यात सूत्र निघालं: छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले 11,877, दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. शिंप्याची टेप घेऊन मी बिजली नावाच्या घोडीला मापलं. घेर 165, लांबी 150. साधारण 344 किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के रोजचा सुका चारा, म्हणजे पाच ते सात किलो. बी.कॉम.चा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

चंदीच्या खोलीवरून एक सांगून ठेवते, कारण आपल्या जिल्ह्यात घरोघरी कोंबड्या आणि गाई आहेत. कोंबडीखाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला, गाईला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू ते थोड्याशा मात्रेतही निकामी करतं. "उरलंय तर घाला दोन मुठी" हे घोड्याच्या बाबतीत कधी म्हणू नये. आमच्याकडे शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने एकदा गोणी आणून ठेवली होती. चाचांनी ती उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवली आणि मग शांतपणे विडी पेटवली.

याआधी मी दुसऱ्या शहरात एका ठिकाणी तीन आठवडे काढले होते. प्रमाणपत्र देऊ म्हणाले, फी घेतली, आणि शिकवलं काय तर लिदीच्या पाट्या कशा उचलायच्या. असो. तिथून एक गोष्ट मात्र आणली, वही. प्रत्येक घोड्याचं पान, रोज सकाळी नोंद: ताप, नाडी, श्वास, रात्रीतल्या लिदी किती, पाणी किती बादल्या. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून मोजायची. पण पुस्तकातला आकडा सगळ्या घोड्यांचा असतो. बिजलीची नाडी 36, आणि तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या काठियावाडीची 30. ताप शेपटीखाली, गुदद्वारातून बघतात. थर्मामीटरला दोरी बांधून टोकाला चिमटा लावायचा आणि तो शेपटीला अडकवायचा, नाहीतर ते आत ओढलं जाऊ शकतं. हे पुस्तकात एका ओळीत आहे. चाचांनी दहा मिनिटं हसत हसत समजावलं.

आता जानेवारीतली ती रात्र.

त्या आठवड्यात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर होता, बागांमध्ये द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटत होत्या. गार पाणी घोडे कमी पितात. आणि पाणी कमी पडलं की कडब्यासारखा कोरडा चारा आतड्यात घट्ट होतो. मोठ्या आतड्याला ओटीपोटापाशी एक तीव्र वळण आहे, नळी तिथे एकदम अरुंद होते, आणि अडतं ते बहुतेक तिथेच. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच जायला हवं.

त्या दिवशी सकाळी बिजलीच्या पानावर मी लिहिलं: लीद 2, बारीक, कडक. पाणी अर्धी बादली. एरवी तिच्या रात्रीत पाच लिदी असतात आणि दोन बादल्या रिकाम्या होतात. लिहिलं, वही मिटली आणि दुसऱ्या घोड्याकडे वळले. कुणालाही सांगितलं नाही. मला नोंद नीट केल्याचं समाधान होतं.

रात्री आठला ती पुढच्या पायाने जमीन खणायला लागली. मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ वळवायची. नाडी 56. स्टेथोस्कोप कुशीला लावला. दोन्ही बाजूंना वर आणि खाली, चार ठिकाणी ऐकायचं असतं. निरोगी घोड्याचं पोट दूरच्या वाहत्या नाल्यासारखं सतत गुरगुरतं. डावीकडे वर काहीच नाही. मी पूर्ण मिनिट धरलं. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं, तिच्या पोटातलं काही नाही.

चाचांनी हिंग, ओवा आणि गुळाचं पाणी तयार केलं होतं, पाजायचा बांबूचा नळाही हातात होता. मी आडवी आले. "चाचा, तोंडाने नको. छातीत गेलं तर?" त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं याआधी कुणी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला एक वर्ष शिकलेली पोरगी सांगते! "ताई, माझ्या बापाने असंच पाजलंय." मी म्हटलं, डॉक्टर येईपर्यंत थांबा, मग तुम्ही म्हणाल ते. त्यांनी नळा भिंतीला टेकवला, पण घोडीजवळून हलले नाहीत. ती आडवी पडून लोळू नये म्हणून आम्ही आळीपाळीने तिला अंगणात फिरवत राहिलो. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींच्या मागे असतात, घोड्याचा हात असलेले फोनवर मिळायलाच तास गेला.

डॉक्टर सव्वादहाला आले. दुखणं कमी करणारं इंजेक्शन, खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून तपासणी, मग नाकातून पोटात नळी आणि नळीतून पाणी, मीठ आणि लिक्विड पॅराफिन हे तेल. "वळणावर अडलंय," म्हणाले. "तेल बाहेर येईपर्यंत चारा नाही." निघताना त्यांनी विचारलं, कधीपासून लीद कमी आहे? मी वही उघडून दाखवली. त्यांनी तारीख-वेळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, "सकाळी सहाला माहीत होतं?" एवढंच म्हणाले.

सकाळी पावणेसातला पहिली लीद आली, मूठभर, कोरडी. चाचांनी ती हातात घेऊन फोडली, वास घेतला, मान हलवली. अजून तेल नव्हतं. ते आलं संध्याकाळी, चकचकीत, आणि मी लिदीच्या ढिगाचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

लोक विचारतात पुढे काय. पुण्या-मुंबईचे रेसचे तबेले आहेत, पुण्याच्या आसपास स्टड फार्म, रायडिंग स्कूल, माथेरान. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतही घोडे आहेत. पशुवैद्य व्हायचं तर 'नीट' प्रवेशपरीक्षा आणि पुढची साडेपाच वर्षं, ते माझं वय आणि बाबांचा खिसा बघता नाही जमायचं. मी पागा सांभाळणारी होणार. पगार पहिली काही वर्षं बेताचा असतो, राहणं-खाणं धरून चालवायचं.

चाचांना लिहिता येत नाही. त्या रात्रीबद्दल ते नंतर काही बोलले नाहीत, नळाही जागच्या जागी लटकवला. पण हल्ली सकाळी फाटकातून आत आले की चहाआधी मला हाक मारतात, "ताई, वही काय म्हणते?" आणि मी मोठ्याने वाचते. बिजली, पाच. बादल्या, पावणेदोन. ते म्हणतात, "पाव बादली कुठं गेली?" आणि स्वतः बघायला जातात.