घुमा नवरा आणि बोलकी मी

मंगळवार, रात्री पावणेबारा

सासरे जाऊन आज दोन महिने झाले. नवरा मुळातच घुमा, पण आता ऑफिसातून आला की चहा पिऊन सरळ गच्चीत, बाबांच्या कुंड्यांना पाणी घालत अर्धा-पाऊण तास तिथेच, आणि नणंद रोज फोन करून सांगते की वहिनी, दादाला कुणाला तरी दाखव, सगळं आत साठवतोय तो. मलाही ते पटलं. म्हणून मागच्या आठवड्यात दोघं कौन्सेलरकडे गेलो.

त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, घरात झोप कुणाला लागत नाहीये? मला रडूच फुटलं. तो झोपतो, जेवतो, गच्चीतून खाली येतो तेव्हा चेहरा मोकळा झालेला असतो. रात्री तीनला छातीत धडधडून उठते ती मी. पण दिवसभर फोनवर बोलते, आल्यागेल्याचं करते, म्हणून सगळे म्हणतात किती खंबीर आहे ही, आणि मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हापासून वाचतेय. इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख-बहिर्मुख, ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडली. पण मला खरं भिडलं ते हान्स आयझेंक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचं १९४७ मधलं म्हणणं. माणूस किती बोलका हे एक माप, आणि आतून किती पटकन हलतो, किती काळजी करतो हे दुसरंच माप, त्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात, तो आजार नाही, मनाची ठेवण आहे, पण ती जास्त असेल तर चिंता आणि डिप्रेशनचा धोका वाढतो. म्हणजे गप्प माणूस आतून शांत असू शकतो आणि बडबडी बाई आतून पोखरलेली!! आम्ही घरात कायम गप्प माणसावरच नजर ठेवली. लहानपणी भावाला माणूसघाणा म्हणत पाहुण्यांपुढे ओढून आणायचो, किती त्रास झाला असेल त्याला.

(नेटवरची ती सोळा स्वभावप्रकारांपैकी आपला कुठला ते सांगणारी टेस्ट दोनदा दिली, दोन्ही वेळा वेगळं उत्तर. त्यावर माझा भरवसा नाही.)

आज नणंदेचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच म्हटलं, दादा बरा आहे गं, मला झोप लागत नाहीये. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, शनिवारी येते वहिनी, दोन दिवस राहते.