उघडता येईल तोच डबा घ्या

घरासाठी छोटा डेस्कटॉप घेताना बहुतेक जण आधी प्रोसेसर विचारतात, मग किंमत. माझा आग्रह वेगळा आहे. ज्याचं झाकण आपल्याला घरी उघडता येतं आणि आतली रॅम (म्हणजे मेमरी) आणि डिस्क बदलता येते, तोच डबा घ्यावा. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून ठरवाव्यात.

मी नाशिकच्या इंदिरानगरला घरूनच हिशेबाची कामं करते. अंबड एमआयडीसीतले काही वर्कशॉपवाले, पिंपळगाव बसवंतची खत-औषधांची दुकानं, आमच्या भागातले किराणावाले. जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख जवळ आली की टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दिवसभर उघडं असतं. सोबत जीएसटीचं पोर्टल, बँकांची स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवर आलेले बिलांचे फोटो. संध्याकाळी त्याच मशीनवर लेकीची अकरावी, आणि रात्री सासूबाईंचं कीर्तन. म्हणजे काम फार अवजड नाही, पण मशीन बंद पडलेलं चालत नाही.

जुना टॉवर चौथ्या पिढीच्या इंटेलचा होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. लोकांचे पॅन, बँक खाती, उलाढाल ज्या मशीनवर असते, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवणं मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी आणखी वर्षभराची मुदत ठेवली होती, पण ढकलून काय होणार? घेऊनच टाकायचं ठरवलं.

लॅपटॉप का नको, असं घरात सगळ्यांनी विचारलं. मला मोठा स्क्रीन लागतो, नंबरपॅडचा कीबोर्ड लागतो, आणि मशीन जागेवरून हलायची गरज नाही. लॅपटॉपच्या पैशातला बराचसा भाग बॅटरी, स्क्रीन आणि बिजागऱ्यांवर जातो, आणि या तीनही गोष्टी मला नको होत्या.

धाकट्या दिरांनी मॅक मिनी सुचवला. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ चा मॅक मिनी १६ जीबी मेमरीसह भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला, आणि त्या आकारात तेवढा वेग क्वचितच मिळतो हे मी मनापासून मान्य करते. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही आणि मेमरी चिपमध्येच पक्की असते. आज १६ घेतली तर कायमची १६. ऑनलाइन दिसणारे एन१०० प्रोसेसरचे तळहाताएवढे मिनी पीसीही पाहिले. वीज अगदी कमी खातात. सासूबाईंच्या कीर्तनाला पुरून उरतील. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मेमरी बोर्डावरच डकवलेली असते, आणि जिथे रॅमची पट्टी बसवायची खाच असते तिथे एकच. म्हणून तेही मागे पडले.

मग उरले ते ऑफिसांतून लीज संपून बाहेर पडलेले छोटे डबे. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी. तिन्ही साधारण एक लिटर आकारमानाचे. कंपन्या हे शेकड्यांनी घेतात आणि त्यांच्या आयटीवाल्यांना ते पटापट दुरुस्त करायचे असतात, त्यामुळे ते उघडायला सोपे बनवलेले असतात. मी थिंकसेंटर एम७२०क्यू घेतला, आय-फाइव्ह ८५००टी प्रोसेसरचा. सहा कोअर, ३५ वॅट. नावातल्या शेवटच्या टी कडे लक्ष द्या. टी नसलेला ८५०० हा ६५ वॅटचा. इतक्या लहान डब्यात जेवढी उष्णता कमी तेवढं बरं, कारण एप्रिल-मेमध्ये नाशिकचं तापमान चाळिशीला टेकतं आणि आमच्या कामाच्या खोलीत कूलर नाही.

एमजी रोडवर आणि कॅनडा कॉर्नरला फिरून पाहिलं. एका दुकानात झाकण उघडून दाखवायला नकार मिळाला. "मॅडम, सील आहे, वॉरंटी जाईल." मी तिथून निघाले. सेकंडहँड मशीन आतून न बघता घेणं म्हणजे पैसे डोळे मिटून देणं. ज्या दादांकडून घेतला, त्यांनी स्वतःहून स्क्रू काढला आणि टॉर्च हातात दिला.

दुकानातच काय पाहायचं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात. मशीन चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात, जा. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा; जुन्या कंपनीचा पासवर्ड काढणं आपल्या हातात नसतं. मग नेट जोडून विंडोजचा पहिला सेटअप समोर करायला लावा. सेटअपच्या मधेच एखाद्या कंपनीचं नाव आणि ऑफिसचा ईमेल मागणारा पडदा आला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे. आज चालेल, पण विंडोज पुन्हा टाकलं की अडेल. डिस्क किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतं. आणि अॅडॉप्टर त्याच कंपनीचा, त्याच वॅटचा आहे ना, हे बघा. लेनोवोची पिन चपटी आयताकृती असते, २० व्होल्टची. बाजारातला कुठलाही गोल पिनचा तिथे बसत नाही. विंडोजच्या लायसन्सची मात्र काळजी नव्हती. विंडोज १० प्रोची लायसन्स-की मदरबोर्डातच होती आणि विंडोज ११ ने ती आपोआप उचलली.

मशीनमध्ये रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती. आणखी एक ८ जीबीची घातली. इथे एक गोष्ट दुकानात फारसं कुणी सांगत नाही. या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून चालतं. दोन खाचांत दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम वाचतो. म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. पुढे ३२ करायची वेळ आली तर या दोन्ही काढाव्या लागतील, हे खरं. माझ्या कामाला ती वेळ लवकर येईल असं वाटत नाही. पट्टी लॅपटॉपचीच, डीडीआर४ सोडिम, २६६६ वेगाची. मोठ्या टॉवरमधली लांब पट्टी इथे बसत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून मेमरीचे भाव बेसुमार चढले आहेत, तेव्हा आज लागेल तेवढीच घ्यावी. दुसरी खाच मोकळी असण्याचं मोल अशा वेळी कळतं.

हे काम मी स्वतः जेवणाच्या टेबलावर केलं, लेकीला शेजारी बसवून. अॅडॉप्टर काढायचा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. मागचा एकच स्क्रू काढला की वरचं झाकण पुढे सरकतं. वर दिसतो तो पंखा आणि डिस्कचा कप्पा. रॅम आणि एम.२ डिस्क (पातळ पट्टीच्या आकाराची) मात्र पोटाखाली असतात, डबा उलटा करून तळाचं झाकण काढलं की दिसतात. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, सोनेरी टोकं जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून बसल्या की झालं. जोर लावावा लागला तर पट्टी उलटी धरली आहे असं समजा. तिच्यावरची खाच मधोमध नसते, ती जुळवून घ्यायची. लेकीने दुसरी पट्टी बसवली आणि त्या आवाजावर ती इतकी खूश झाली की परत काढून पुन्हा बसवली.

डिस्कही बदलली. सोबत आलेली २५६ जीबीची लहान पडली असती. ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एम.२ डिस्क, घेतली, पीसीआयई ३.० या जोडणीची. दुकानदार ४.० ची दाखवत होते. ती चालते, पण या मशीनवर ३.० च्याच वेगाने, मग जास्त पैसे कशाला? घेताना एवढंच पाहा की एम.२ च्या आकारात साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कही मिळतात. दिसायला जवळपास सारख्या, वेगाने मात्र कितीतरी मागे. जुन्या टॉवरमधली अडीच इंची एसएसडी वरच्या कप्प्यात बसवली आणि टॅलीचा रोजचा बॅकअप तिच्यावर जातो. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी असतेच. एकाच डब्यातल्या दोन डिस्कना मी बॅकअप मानत नाही.

झाकण उघडलंच होतं म्हणून पंखाही साफ केला. पंख्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नव्या पेस्टचा लहानसा ठिपका दिला. आता मशीनचा आवाज कानावर येत नाही, भरदुपारीसुद्धा.

लाईटचा फरक मला सगळ्यात मोठा वाटला. प्लगमधल्या मीटरवर जुना टॉवर साध्या कामाला साठ वॅटच्या आसपास घ्यायचा, हा बाराच्या आसपास घेतो. रोज दहा तास धरले तर महिन्याला चौदाएक युनिट वाचतात. बिलापेक्षाही मोलाचं म्हणजे लाईट गेल्यावरचा वेळ. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते आणि नेमकी रिटर्नच्या तारखांना जाते. तोच ६०० व्हीएचा यूपीएस टॉवरला जेमतेम सेव्ह करून बंद करण्याइतका पुरायचा. आता मॉनिटर आणि राउटरसकट रिटर्न भरून, पावती उतरवून घेण्याइतका वेळ मिळतो.

लेकीला खेळायचे आहेत ते मोठे गेम यावर चालणार नाहीत. तिला ते घेण्याआधीच सांगितलं होतं. गेम हीच ज्यांची गरज असेल त्यांनी या आकाराच्या नादी लागू नये, सरळ ग्राफिक्स कार्डची जागा असलेला मधला टॉवर घ्यावा.

जुना टॉवर तुम्ही भंगारवाल्याला देणार असाल किंवा दुकानात बदल्यात घालणार असाल, तर आतल्या डिस्क काढून घ्या. फाइल डिलीट केली किंवा विंडोज नव्याने टाकलं तरी जुना डेटा बऱ्याचदा परत मिळवता येतो. मी माझी साडेतीन इंची हार्ड डिस्क वेगळ्या अॅडॉप्टरच्या यूएसबी केसमध्ये घालून कपाटात ठेवली आहे, कारण तिच्यावर लोकांची जुन्या वर्षांची विवरणपत्रं आहेत आणि नोटीस आली तर ती लागतात. टॉवर डिस्कशिवायच गेला.