फस्ट, सेकंड, नाईट

२२ सप्टेंबर, सोमवार

या आठवड्यात फस्ट शिफ्ट आहे. पहाटे निघालो तेव्हा लेक, तनू, झोपलेली होती, चारला घरी आलो तर देवघरासमोर ठाण मांडून बसलेली. सकाळी हिने घट बसवले. माती दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावाहून पाठवलेली, मळ्यातली काळी. नर्सरीतली पिशवीबंद माती आईला चालत नाही, "तिला काय देव ओळखतो का" म्हणते. परडीत माती, मातीत गहू, मध्ये घट, वर विड्याची पानं आणि नारळ, आणि झेंडूची पहिली माळ.

गहू पेरायचं काम तनूला दिलं होतं म्हणे. तिने मूठभर गहू एकाच कोपऱ्यात ओतले. हिने पसरायला हात पुढे केला तर, "नको, त्यांना जवळजवळ झोपायचंय." तसेच ठेवले. यंदा तिथी वाढलीय, माळा दहा येणार. हिच्या मते उपास एक दिवस वाढला, तनूच्या मते साबुदाण्याची खिचडी एक दिवस वाढली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज कालिकेच्या यात्रेत पाळण्यात बसवायचं कबूल केलं होतं. पाऊस काही ऐकेना. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदेला पूर. आमच्या नाशकात किती क्युसेक सोडलं असं कुणी विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. तनू दिवसभर मोबाईलवर तो मारुती दाखवा म्हणून मागे लागली. शेवटी अंघोळीला बादलीत स्वतः उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग, मला कुठवर आलंय?"

मराठवाड्यातल्या पुराच्या बातम्या बघवत नाहीत. खरवडून गेलेल्या जमिनी, मेलेली जनावरं. दादांचा फोन आला, द्राक्षांची छाटणी पुढे ढकलली म्हणून. बागेत पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुततोय.

परडीतला तो कोपरा मात्र जोरात आहे. बाकी सगळीकडे तुरळक आणि तिच्या कोपऱ्यात पिवळट कोंबांचा नुसता झुबका.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. काल खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा झाली, पेढे वाटले. ते ऐकून तनूने घरी स्कूटर, मिक्सर आणि माझा डबा यांना हळदकुंकू वाहिलं. डब्यावरचं कुंकू घासूनही गेलं नाही. असो, जेवणाच्या सुट्टीत लोकांना विषय मिळाला.

संध्याकाळी सोनं द्यायला सगळ्या बिल्डिंगमधून फिरली. आपट्याचं पान द्यायची, पाया पडायची, आणि निघताना तेच पान परत मागून घ्यायची. पुढच्या घरी द्यायला हवं ना.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नाईट. सकाळी आठला आडवा झालो. नाईटच्या आठवड्यात आमच्या घरात सगळे चवड्यांवर चालतात. कुकरची शिट्टी काढून घेतात, टीव्हीचा आवाज बंद. तनूला हे सगळं पाठ आहे. दाराबाहेर बसून बाहुलीला सांगते, "हळू बोल, पप्पा झोपलेत." पण खोकला काही हळू येत नाही. पावसाळी हवा गेली, ऊन तापायला लागलं, आणि कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध पिऊन आली ती खोकतच.

मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. औषधात विषारी द्रव्य निघालं. ती बातमी आल्यापासून ही फ्रिजच्या दारातल्या बाटल्यांकडे बघत होती. आज सगळ्या काढल्या. अर्धवट उरलेल्या, चिकट झालेल्या, मागच्या वर्षीच्या. प्रत्येक बाटलीवर कधी आणली, कुणी सांगितली याची चर्चा झाली. निम्म्या आम्हीच मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, केंद्राच्या आरोग्य खात्यानेही सांगितलंय, दोन वर्षांच्या आत ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आत शक्यतो नाहीत. भरपूर पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, झोपताना चमचाभर मध. श्वास जोरात चालायला लागला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा पाणीसुद्धा घेईना, तर मात्र ताबडतोब आणा.

आईला हे पटलं नाही. औषध न देणारा डॉक्टर फी कशाची घेतो, हा तिचा रोकडा प्रश्न. तिने गावाहून फोनवर हुकूम सोडला आणि हिने तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकली. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघायची, हे तनूने लगेच शिकून घेतलं. आता बाहुलीलाही शेक चालू आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

गावी. निफाड तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. अखेर छाटणी लागली. दादा काडी हातात धरतात, तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजतात आणि कात्री चालवतात. त्यांचा हात इतका सवयीचा की बोलणं थांबत नाही. तनू त्यांच्या मागे मागे. तिचं म्हणणं, डोळे आहेत तर त्यांना दिसत असेल. दादा म्हणाले, "दिसतं की. म्हणून तर बघून कापतोय."

ती काड्या गोळा करत होती. मी म्हटलं, खेळतेय. दादांनी मला झापलं. "खेळत नाही, काम करतेय. सरीतल्या काड्या बांधाला कोण नेणार, तू?" खरंच नेत होती. कवेत मावतील तेवढ्या, निम्म्या वाटेत सांडून, पण नेत होती. घरी आम्ही हिला करमावं म्हणून काय काय विकत आणतो. ठोकळे, चिकणमाती, गाणारं पुस्तक. एकातही ती इतका वेळ टिकलेली मी पाहिली नाही.

दुपारनंतर पेस्टिंग होतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जे औषध ब्रशने लावतात ते जहाल असतं, हातमोजे घालूनच लावायचं. तिथे तिला बंदी. तिने असा गळा काढला की शेजारच्या मळ्यातून विचारणा झाली. आईने तिला खळ्यावर मक्याची कणसं सोलायला बसवलं. आवरण ओढायचं, केस काढायचे, कणीस ढिगावर टाकायचं. संध्याकाळी निघताना आईने तिच्या हातावर दहाची नोट ठेवली, मजुरी म्हणून. परतीच्या वाटेवर एसटीत झोपली, पण नोटेवरची मूठ सोडली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला चालू आहे. यंदा पोरांनी साल्हेर घेतलाय. युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले, त्यात आपल्या जिल्ह्यातला हा एकच, म्हणून. सातवीतला एक जण सगळ्यांना सांगत होता, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, इथे १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. विटा, गोणपाट, वर चिखल. शेजारचा सालोटा किल्लाही केलाय, तो जरा साल्हेरपेक्षा उंच झाला होता, मग त्याचं डोकं कापलं.

मोठ्या पोरांनी तनूला हळीव पेरायचं आणि पाणी शिंपडायचं खातं दिलं. शिंपडणं तिला जमत नाही, ती ओतते. परशुरामाच्या देवळाकडची वाट वाहून गेली. पोरं वैतागली, पण काढली नाही तिला, हे मला आवडलं. खरा वाद झाला तो डायनासोरवरून. तिने आपला हिरवा डायनासोर आणून मावळ्यांच्या रांगेत उभा केला. "महाराजांच्या वेळी डायनासोर नव्हते," सातवीतला म्हणाला. तनू म्हणाली, "हा आत्ता आलाय." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तहात असं ठरलं की डायनासोर सालोट्यावर पहाऱ्याला राहील.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. फराळ, पाहुणे, फटाके. चकली तिला तिखट लागते, शंकरपाळे खिशात ठेवायला आवडतात. वॉशिंग मशिनमधून शंकरपाळ्यांचा लगदा निघाला. सुतळी बॉम्ब वाजला की पलंगाखाली. फुलबाजी मात्र हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून, हट्टाने पेटवते.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतरही पाऊस. गावी गेलो तो तुळशीच्या लग्नाला, पण मन बागेत. दादांनी वेलीची एक नवी फूट ओढून दाखवली. जिथे घड हवा तिथे नुसती बाळी, वेलाचा तणावा. घड जिरले. मे महिन्यापासून पाऊस, ऊन म्हणून मिळालंच नाही, काडीत घड तयार व्हायचा तेव्हाच झाला नाही. आता छाटून, औषधं मारून तो कुठून येणार? चार वेलींमागे एखादीला काही लागलंय. ज्याला फुलोरा आला त्याला डावणीची, त्या बुरशीच्या रोगाची भीती. दादा हे सगळं सपाट आवाजात सांगतात. कर्जाचा आकडा सांगतानाही त्यांचा आवाज असाच असतो.

तनूला बाळी आवडली. बोटाला गुंडाळून म्हणाली, "आबा, अंगठी." दादा हसले. मग तिने आजीला केली, हिला केली, मला केली. तुळशीलाही एक घातली, ऊस आणि चिंचा-आवळ्यांच्या मध्ये. मंगलाष्टकं दादांनी म्हटली. "सावधान" आलं की ती अक्षता फेकायची, आणि नाही आलं तरी फेकायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात खुद्द नाशकात भरवस्तीत बिबट्या शिरला. माणसांना जखमी केलं, मग वनखात्याने बेशुद्ध करून नेला. कंपनीत दुसरा विषय नाही. सेकंड शिफ्टवाल्यांना रात्री उशिरा घरी यायची धास्ती.

शहराला हे नवीन असेल, गावाला नाही. उसाची तोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात, बिबटीण आसपासच असते. शेतीची वीज रात्रीची मिळते, म्हणजे पाणी भरायला अंधारातच जायचं. दादा मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जातात. वनखातं सांगतं, शेतात खाली वाकून, बसून राहू नका, कमी उंचीचं दिसलं की त्याला सावज वाटतं. हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल, पण आता ऐकताना तनूची उंची डोळ्यांसमोर येते. दिवेलागणीनंतर तिने ओट्याखाली उतरायचं नाही, असा आईचा कायदा झालाय.

तिला कसं सांगायचं यावर आमचं दोघांचं वाजलं. हिचं म्हणणं, उगाच घाबरवू नका. माझं म्हणणं, थोडी भीती असू दे. आम्ही भांडत असताना तिने आजीकडून सगळं काढून घेतलं होतं. कुत्रा नेतो, शेळी नेतो, ओरडलं की पळतो. आता ती संध्याकाळी ओट्यावर उभी राहून उसाच्या दिशेने ओरडते, "ए, आम्ही उभे आहोत!"

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य, ते आज सुटलं. भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, खंडोबाची तळी. गॅसवर वांगं भाजताना साल फुटून पाणी चुरचुरलं ते तनूने स्टुलावर उभं राहून शेवटपर्यंत पाहिलं. खाल्लं नाही. "येळकोट" मात्र खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

१५ डिसेंबर, सोमवार

शनिवार-रविवार गावी होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी नोंदवला गेला की पेपरात निफाडचं नाव येतं आणि नाशिकचे लोक कौतुकाने वाचतात. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला नाही, मण्यांची फुगवण थांबते, पुढे पाणी उतरायच्या वेळेला मणी तडकतात. जे काही घड उरलेत ते तरी जगावेत म्हणून दादा पहाटे ठिबक चालू करतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात.

रविवारी पहाटे मीही गेलो. तनू जागी झाली, राहिना. कानटोपी, दोन स्वेटर, वर आजीची शाल. छाटणीच्या वाळलेल्या काड्या बांधावर रचलेल्या होत्या, त्याच जाळायच्या. तिने एक उचलली आणि दादांना सांगितलं, ही मी आणलेली. दादांनी ओळखल्यासारखं केलं. शेकोटी नुसती भडकून उपयोगाची नसते, धुमसली पाहिजे, म्हणून वर ओला पालापाचोळा टाकतात. धूर सरीसरीतून जमिनीलगत पसरला. डोळे चोळत, खोकत, नाक पुसत ती दादांबरोबर एका शेकोटीवरून दुसऱ्या शेकोटीकडे जात होती. दादा काडी मागायचे, ती मोजून एकच द्यायची. उजाडल्यावर निखाऱ्यात आईने रताळी पुरली. तनूने राखेसकट खाल्ली.

आज बालवाडीत गेली तर बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "स्वेटरला धुराचा वास येतो, कृपया धुऊन पाठवा." धुतला. या थंडीत तो उद्यापर्यंत काही वाळत नाही, आणि दुसराही धुरकटच आहे. उद्या शेजारच्या सातवीतल्या पोराचा जुना स्वेटर घालून जाणार आहे. बाह्या चारदा दुमडाव्या लागतात, पण त्यावर डायनासोर आहे, त्यामुळे तिची तक्रार नाही.