गेटिसबर्ग देखावा: एमिट्सबर्ग रस्त्याचं कुंपण झालं

अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तर विरुद्ध दक्षिण) गेटिसबर्गला झालेल्या लढाईचा छोटा देखावा करतोय. त्यातलं दिवाळीपासून रखडलेलं कुंपण काल रात्री पुरं झालं. १:७२ च्या मापात माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे दांडे फार नाजूक लागतात. आधी आइस्क्रीमच्या काड्या चिरून पाहिल्या, पण त्या अगदी सारख्या दिसतात. मग बुरुडाकडून कामट्या आणल्या आणि सुरीने उभ्या फोडल्या. कडा ओबडधोबड राहिल्या, तेच हवं होतं. तपकिरी रंगाचा पातळ हात, वाळल्यावर राखाडी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने हलकेच रंग), झालं.

एवढा वेळ दिला, कारण ३ जुलै १८६३ ची दुपार मला या कुंपणामुळे समजली. दक्षिणेच्या जनरल पिकेटचा हल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे मोकळं रान येतं. दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार सैनिक सेमिनरी रिज या टेकाडावरच्या झाडीतून निघाले आणि तोफांच्या माऱ्यात ते रान तुडवत आले. पण मध्येच हा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना भक्कम कुंपण! बऱ्याच ठिकाणी ते चढूनच ओलांडावं लागलं. रांगा तिथे विस्कटल्या. पुढे चढावर दगडी गडगा आणि त्यामागे उत्तरेच्या बंदुका.

एक शिपाई मी कुंपणावर टांग टाकलेला बसवलाय. एक हात वरच्या दांड्यावर, दुसऱ्यात बंदूक. तो चिकटवून झाल्यावर गडग्याच्या बाजूने डोळा टेबलाला लावून पाहिलं. तो अख्खा उघडा दिसतो. त्याला गोळी झाडता येत नाही, खाली बसता येत नाही. मी बराच वेळ तसाच पाहत राहिलो.

गडग्यापाशी दक्षिणेचा ब्रिगेडियर जनरल आर्मिस्टेड आहे, तलवारीवर टोपी अडकवलेला. टोपी फॉइलची केली. तो मोजक्या माणसांनिशी गडगा ओलांडून आत शिरला आणि तिथेच जखमी होऊन पडला. दोन दिवसांनी गेला. हल्ल्यातले निम्म्याहून जास्त लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. लढाईच्या तीन दिवसांत दोन्हीकडची मिळून हानी ५० हजारांच्या आसपास.

४ जुलैला तिकडे मिसिसिपीकाठी व्हिक्सबर्ग शहर उत्तरेचा सेनापती ग्रँटच्या हाती पडलं, इकडे दक्षिणेचा सेनापती लीची माघार सुरू झाली. तो पुन्हा कधी उत्तरेवर चालून गेला नाही, तरी युद्ध १८६५ पर्यंत चाललं.

पुढचा तुकडा त्या माघारीचाच: मुसळधार पाऊस आणि जखमींनी भरलेल्या गाड्यांची सुमारे १७ मैलांची रांग. मी तीनच गाड्या करणार आहे. चिखलासाठी फेविकॉल, वॉलपुट्टी आणि चहाचा चोथा कालवून ठेवलाय. भिजलेल्या छतासाठी टिश्यू पेपर बरा की मलमल, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी नक्की सांगा.