गुबगुबीत अक्षरातला धोका

मालवणात माझं बोर्ड बनवायचं दुकान आहे. मे महिन्यात एकाच दिवशी दोन कामं आली. एक खानावळीचा बोर्ड आणि दुसरा किनाऱ्यावर लावायचा, ‘धोका! पुढे खोल पाणी. पोहू नये.’

खानावळीसाठी ‘बलू’ फॉन्ट घेतला. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फॉन्ट ‘जंगल बुक’मधल्या बलूसारखा अस्वलच आहे. जाड अंग, गोल टोकं, कुठे टोचणार नाही असं वळण. गुजरातीत तो ‘बलू भाई’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, मल्याळममध्ये ‘बलू चेट्टन’. शिवाय फुकट आणि धंद्यालाही चालतो, म्हणजे आमची चैनच. ‘तिसऱ्यांचं सुकं’ टाइप केलं तर ‘ऱ्या’ न फुटता आलं. जुन्या फॉन्टांनी मला त्या एका अक्षरावर किती रडवलंय! बोर्ड बघूनच भूक लागावी असा झाला.

घाई होती. त्याच फाइलमध्ये मजकूर बदलला, मागे लाल रंग भरला, धोक्याचाही प्रिंट काढला आणि पत्र्यावर चिकटवून किनाऱ्यावर ठोकून आलो.

संध्याकाळी रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, तात्यांचा फोन. “मेल्या, हंय ये आणि बघ.” गेलो. दोन पर्यटक पोरी बोर्डाला टेकून सेल्फी काढत होत्या आणि त्यांच्याबरोबरचे तिघे कमरेएवढ्या पाण्यात. तात्यांनी आरडाओरडा करून त्यांना बाहेर काढलं, मग माझ्याकडे वळले. “ह्या बोर्डार ‘पोहू नये’ लिवलंस, की ‘येवा, कोकण आपलाच आसा’?”

मी पन्नासेक पावलं मागे जाऊन पाहिलं. फॉन्टचं सगळ्यात जाड ‘वजन’, म्हणजे सगळ्यात जाड रेघांचा प्रकार, वापरलं होतं, त्यामुळे अक्षरांच्या पोटातली जागा बुजली होती. ‘ध’च्या डोक्यावरची फट दुरून दिसेना, ‘धोका’चा ‘घोका’ झाला होता. पण बुजणं बारीक वजनानं सुटलं असतं. खरी गफलत स्वभावाची होती. बलू लहान मुलांच्या पुस्तकावर, आइस्क्रीमच्या गाडीवर, खानावळीवर शोभतो, कारण तो जवळ बोलावतो. मला लांब ठेवणारं अक्षर हवं होतं. आणि बलूत परिच्छेदच्या परिच्छेद लावणाऱ्यांना तर मी हात जोडतो. चार ओळींनंतर डोळ्यांना सगळं लाडू-लाडू दिसायला लागतं.

रात्री बसून नवा बोर्ड केला. ‘मुक्ता’ घेतला, तोही ‘एक टाइप’चाच, पण साध्या सरळ अंगाचा. ‘पोहू नये’ सगळ्यात मोठं, अक्षरांत हवा, कडेला भरपूर मोकळी जागा. पैसे अर्थात मागितले नाहीत.

सकाळी तो लावला आणि जुना पत्रा उचलायला लागलो, तर तात्यांनी धरून ठेवला.

“ह्यो माका दी. मागच्या बाजूक माझ्या होडयेचा नाव लिव.”

“कुठल्या अक्षरात?”

“त्याच गुबगुबीत.”